उपवासाला साबुदाणा चालतो, पोळी चालत नाही: हे ठरलं कसं?

सेलमवासी | सोमवार, रात्री १०:१२

आषाढी चार दिवसांवर आलीय म्हणून हा धागा काढतोय. लांब झालाय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

मी मूळचा बार्शीचा, गेली नऊ वर्षं नोकरीसाठी तामिळनाडूत सेलमला आहे. बाबा गेल्यावर आईला इकडे घेऊन आलो, ती आता एक्याऐंशीची आहे. गेल्या महिन्यात तिला घेऊन आत्तूरच्या बाजूला निघालो होतो तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकच पीक, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेलं, पान हाताच्या पंजासारखं फाटलेलं. आई म्हणाली, एरंड लावलाय का रे एवढा? म्हटलं नाही गं, हा साबुदाणा. तिने गाडी थांबवायला लावली. लहानपणापासून जे एकादशीला, संकष्टीला, शिवरात्रीला भिजवत आली ते कुठल्यातरी झाडाला दाण्यासारखं लागत असेल असंच ती धरून चालली होती.

शेतकऱ्याने एक झाड उपटून दाखवलं. खाली मनगटाएवढे जाड तपकिरी कंद, रताळ्यासारखे पण लांबलचक. पुढेच एक कारखाना होता, ओळखीने आत जायला मिळालं. कंद सोलतात, धुतात, किसून लगदा करतात, पाण्याबरोबर गाळला की दुधासारखं पाणी निघतं, ते हौदात काही तास राहिलं की पांढरा साका खाली बसतो. तो ओला साका मोडून कापडाच्या झोळीत हलवत राहायचा तसे त्याचे गोल मणी होतात, मग चाळायचे, भाजायचे किंवा वाफवायचे आणि शेवटी सिमेंटच्या खळ्यावर उन्हात टाकायचे. आई त्या खळ्याच्या कडेला उभी राहून बघत होती आणि म्हणाली, "अरे हा तर कुरडईचा चीक."

माझा प्रश्न तिथूनच सुरू झाला. गव्हाचा चीक एकादशीला चालत नाही, कंदाचा चीक चालतो. आणि हा कंद तर आपल्याकडचा नाहीच, मूळचा ब्राझीलच्या बाजूचा, पोर्तुगीजांच्या जहाजांतून मलबारच्या किनाऱ्यावर आला. म्हणजे तुकोबांच्या काळातला वारकरी साबुदाण्याची खिचडी खात नव्हता हे नक्की. मग तो काय खायचा, आणि त्याच्या फराळात हे परदेशी पाहुणे येऊन बसले ते कुणी कधी बसवले? ज्यांना माहिती आहे, घरातलं काही आठवतंय त्यांनी लिहा. श्रद्धेवर वाद घालायचा नाहीये, आईबरोबर मीही एकादशी करतो.

अळूवडी_ठाणे | सोमवार, रात्री १०:४०

मस्त धागा. माझी आजी (आईची आई, गाव चिपळूणजवळ) सांगायची की तिच्या लहानपणी उपवास म्हणजे उकडलेलं रताळं, केळं, दूध आणि शिंगाड्याच्या पिठाची लापशी. साबुदाणा वाण्याकडे मिळायचा पण तो आजारी माणसाच्या पेजेसाठी आणायचे, सगळ्या घराने खिचडी करून खायची गोष्ट नव्हती. आणि एकादशीला ती वरीचा भात खायची नाही, संकष्टीला आणि सोमवारी खायची. का विचारलं की म्हणायची, वरी गवताला येते, धान्यच ते.

रानभाजी | सोमवार, रात्री ११:२५

आजींचं वनस्पतिशास्त्र पक्कं होतं. वरी म्हणजेच भगर ही खरोखरच तृणधान्य आहे, गवताच्या कुळातली, नाचणी-बाजरीची बहीण. तिला उपवासात जागा मिळाली ती बहुधा रानात, माळावर, फारशा मशागतीशिवाय येणारी म्हणून, पण एकादशीचा नियम कडक पाळणाऱ्यांनी तिला बाहेरच ठेवलं.

मी ३१ वर्षं कॉलेजात बॉटनी शिकवली, त्यामुळे सेलमवासींच्या प्रश्नात थोडी भर घालतो. "साबू" हा शब्दच मुळात मलय भाषेतल्या "सागू"चा. सागू म्हणजे आग्नेय आशियातला एक ताड, त्याच्या खोडातला गाभा काढून त्याचे दाणे करायचे. पूर्वी आपल्याकडे यायचा तो या ताडाचा साबुदाणा, जावा-मलायाकडून जहाजाने. तमिळमध्ये साबुदाण्याला जव्वरिसी म्हणतात, म्हणजे जावाचा तांदूळ, त्यातच सगळा इतिहास आला. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया आणि जावा घेतलं आणि माल यायचा थांबला, मग १९४३ च्या सुमारास सेलमला शाबुकंदापासून, म्हणजे तुम्ही बघितलात त्याच कंदापासून, तसेच दाणे करायला सुरुवात झाली. कंद दक्षिणेत आधीपासून होताच. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ, ज्यांची कारकीर्द १८८० ते १८८५, त्यांनी तांदळाच्या तुटवड्यावर उपाय म्हणून तो लावायला लोकांना प्रोत्साहन दिलं होतं. म्हणजे आपण आज जो साबुदाणा खातो तो ताडाचा नाहीच, ताडाच्या नावाने कंदाचा आहे. नाव तेच, दिसायला तेच, म्हणून उपवासात कुणाला काही बदललंय हे जाणवलंही नाही.

आता खिचडीची परात पुढ्यात घ्या. साबुदाणा अमेरिका खंडातल्या कंदाचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. मिरची तिकडचीच. बटाटा अँडीज पर्वतातला, आपण त्याला बटाटा म्हणतो तेच पोर्तुगीज नाव आहे. रताळंही तिकडचं. राहिलं काय? जिरं, तूप आणि ओलं खोबरं. कोलंबस १४९२ ला निघाला, त्याआधी ही परात भरताच आली नसती.

आपल्या भागातलं जुनं म्हणाल तर सुरण, अळकुड्या, शिंगाडा, केळं, कवठ, दूध-दही. महाशिवरात्रीला विदर्भ-मराठवाड्यात कवठाची चटणी करतात ना, ती खरी जुनी वस्तू.

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, सकाळी ७:०५

कवठाच्या चटणीला अनुमोदन. गूळ आणि जिरं घालून. आमच्याकडे (अकोला) उपवासाला भेंडी पण चालते, पुण्यात होस्टेलला ते सांगितलं तर मुली बघतच राहिल्या.

निरंजन_ज्योत | मंगळवार, सकाळी ८:३०

माफ करा पण तुम्ही सगळे वस्तू कुठून आल्या एवढंच बघताय. आपल्या पूर्वजांनी प्रत्येक नियमामागे विज्ञान ठेवलेलं आहे. पावसाळ्यात अग्नी मंद होतो, पचन बिघडतं, म्हणून चातुर्मासात उपवास, म्हणून कांदा-लसूण-वांगी बंद. हे आरोग्याचे नियम आहेत, धर्माचं नाव दिलं की लोक पाळतात म्हणून धर्मात घातले.

उन्हाळकांदा | मंगळवार, दुपारी १:५०

ज्योतताई, मी निफाडकडचा कांदा करणारा माणूस आहे म्हणून कांद्यापुरतं बोलतो. तुम्ही म्हणता ते मी पण लहानपणापासून ऐकलंय, पावसाळ्यात कांदा सडतो म्हणून चातुर्मासात बंद. सडतो हे खरंच आहे. मार्च-एप्रिलला उन्हाळ कांदा काढतो, चाळीत भरतो, आणि पाऊस सुरू झाला की हवेतल्या ओलीने काजळी धरते, कोंब फुटतात, बायामाणसं रोज बसून सडका निवडून काढतात, वास घरापर्यंत येतो. पण बाजारात तुम्हाला श्रावण-भाद्रपदात जो कांदा मिळतो तो हाच, चाळीतलाच. दिवाळीपर्यंत आम्ही त्याच्यावरच जगतो. नवा लाल कांदा येतो तो दिवाळीच्या पुढेमागे. मग जर सडतो म्हणून खायचा नसता तर नियम सगळ्यांना असता ना. आमच्या गल्लीत चातुर्मास पाळणारी मोजून चार घरं, बाकीच्या घरात भाकरीबरोबर बारा महिने कांदा फोडतात, आणि पंगतीला बसलं की कळतं कोण पाळतं आणि कोण नाही.

आमच्याकडे चंपाषष्ठी मोठी. खंडोबाला नैवेद्य कशाचा तर वांग्याचं भरीत, रोडगा आणि कांद्याची हिरवी पात. मार्गशीर्षातली ती कोवळी पात, नवी वांगी, नवी बाजरी. ज्यांनी आषाढात कांदेनवमीला कांदा-वांग्याला राम राम केला ते इथे सोडतात. मला विचाराल तर देवाने पण नव्या मालाचीच वाट बघितलीय असं वाटतं मला, आणि शेतकऱ्याला हे पटतं. येळकोट येळकोट जय मल्हार.

रानभाजी | मंगळवार, दुपारी ४:१५

उन्हाळकांदा, फार चांगलं लिहिलंत. भर एवढीच की कांदा-लसणाला नाही म्हणणं हे पावसाळ्यात सडण्याच्या कारणापेक्षा खूप जुनं आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना लसूण, कांदा, अळंबी वर्ज्य सांगितलीत, त्यात ऋतूचा उल्लेख नाही, बारा महिने वर्ज्य. पाचव्या शतकात आलेला चिनी प्रवासी फाहियान लिहून गेलाय की मध्यदेशात, म्हणजे गंगा-यमुनेच्या मैदानात, लोक कांदा-लसूण खात नाहीत, चांडाळ सोडून. म्हणजे तेव्हाच तो कोण कुणाच्या पंक्तीला बसतो याचा प्रश्न झालेला होता. आणि त्याच सुमाराचं बॉवर हस्तलिखित, मध्य आशियात सापडलेलं वैद्यकाचं, ते सुरूच होतं लसणाच्या गुणगानाने. त्यात गोष्ट अशी की असुराचा गळा कापला तेव्हा रक्ताचे थेंब पडले त्यातून लसूण उगवला, म्हणून ब्राह्मणाने खायचा नाही, पण औषध म्हणून त्याच्या तोडीचं काही नाही. आरोग्यासाठी बंद केला म्हणावं तर वैद्यच त्याची शिफारस करतायत.

निरंजन_ज्योत | मंगळवार, रात्री ९:००

हे मला माहीत नव्हतं. पण पचनाचा मुद्दा मी सोडत नाही, एक वेळ पोट रिकामं ठेवल्याने बरं वाटतं हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

अळूवडी_ठाणे | मंगळवार, रात्री ९:२०

ज्योतताई, रिकामं ठेवलं तर बरं वाटतंच की. पण आपण त्या दिवशी खिचडी, वडे, वेफर्स आणि वरून दाण्याचा लाडू खातो, पिष्टमय आणि तळलेलं. माझ्या आजेसासूबाई निर्जळी करायच्या, दुसऱ्या दिवशी द्वादशीला सकाळी पारणं. त्या उपवासाला पचनाचा मुद्दा लागू होतो, आपल्या खिचडीला नाही लावता येत.

मिरीमीठ | बुधवार, सकाळी ६:४५

नमस्कार. मी तंजावरची मराठी. आमचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागून इकडे आले, साडेतीनशे वर्षं होत आली, घरात आमची तंजावरी मराठी अजून बोलतो, इथे लिहिताना तुमच्यासारखं लिहायचा प्रयत्न करते.

सेलमवासींचं वाचून मला उलटी गोष्ट आठवली. आमच्या घरी श्राद्धाच्या स्वयंपाकात मिरची नाही. तिखटाला मिरी. बटाटा नाही, टोमॅटो नाही, कोबी, फ्लॉवर, गाजर, बीन्स काही नाही. आमचे तमिळ शेजारी तर या भाज्यांना सरळ "इंग्लिश भाज्या" म्हणतात आणि श्राद्धाला वर्ज्य मानतात. चालतं काय, तर कारलं, कच्चं केळं, सुरण, अळकुडी, पडवळ, गवार, फणस, उडीद, मूग, तीळ, गूळ, चिंच. तमिळ लोकांमध्ये गोष्ट आहे, विश्वामित्रांनी वसिष्ठांकडे श्राद्धाला यायचं कबूल केलं पण एक हजार आठ भाज्या पाहिजेत म्हणाले. अरुंधतीने कारल्याची भाजी केली ती शंभराच्या बरोबर, हाडसांधीच्या वेलाची चटणी तीनशेच्या, फणस सहाशेच्या, आणि वरच्या आठ वेगळ्या केल्या. म्हणून कारलं आणि फणस श्राद्धात हवाच.

म्हणजे तुमच्या एकादशीने जे सगळं आत घेतलं तेच आमच्या श्राद्धाने दाराबाहेर ठेवलं. लहानपणी वर्षातून एकदा तो मिरीचा स्वयंपाक खाताना मला वाटायचं किती बेचव. आता आई नाही, तिच्या श्राद्धाला मीच मिरी कुटते.

सेलमवासी | बुधवार, सकाळी ७:३०

मिरीमीठताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, आपल्याकडे पण श्राद्धाला टोमॅटो, कोबी, फ्लॉवर घालायचे नाहीत, कढी, वडे, खीर, गवार, भोपळा, कारलं, बस. मी चाळीस वर्षं ते जेवण जेवलोय आणि कधी विचारच केला नाही की त्या ताटात जवळपास काहीच जहाजाने आलेलं नाही.

मला वाटतं इथे काहीतरी सापडतंय. एकादशीचा नियम "हे खायचं नाही" अशी यादी आहे. धान्य नको, कडधान्य नको. त्या दिवशी सगळं पाप धान्यात येऊन राहतं अशी आईने सांगितलेली गोष्ट. यादीत ज्याचं नाव नाही ते खुलं, आणि ब्राझीलच्या कंदाचं नाव यादीत असायचं कारणच नव्हतं. श्राद्धाची यादी उलटी आहे, "एवढंच खायचं". पितर जे खात होते ते. तिथे नव्याला दार बंद, कारण ज्याच्यासाठी ताट वाढतोय त्याने ते कधी चाखलेलंच नाही.

भुवनेश्वर_रिटर्न | बुधवार, सकाळी १०:१०

एकदम बरोबर. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादात बटाटा, टोमॅटो, फ्लॉवर, कोबी, मिरची नसते. सुरण, अळकुडी, कच्चं केळं, भोपळा, नारळ, आलं-मिरी यावर सगळं. एवढा मोठा स्वयंपाक रोज बटाट्याशिवाय होतो हे तिथे राहिल्याशिवाय पटत नाही. उलट तिथून वर उत्तरेत गेलात की नवरात्राच्या फराळात टोमॅटो सर्रास चालतो, मीठ मात्र सैंधवच लागतं. आपल्याकडे मीठ कुठलंही, पण टोमॅटो नको, हळद-मोहरी नको.

शनिवारतेली | बुधवार, संध्याकाळी ५:३५

शालोम आणि नमस्कार. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, मूळ अलिबागकडचे, आता इस्राएलमधल्या अश्दोदला. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं, तेच नाव इथे घेतलं.

सेलमवासींची "नाही"ची यादी वाचून मी खुर्चीतून उठले. आमच्याकडे पेसाखच्या (वल्हांडण सणाच्या) आठवड्यात खमीर आलेलं काही खायचं नाही, पाव नाही, गहू-जव यांचं फुगलेलं काही नाही. इथे शेजारी युरोपातून आलेले अश्केनाझी लोक, त्यांच्यात मध्ययुगापासून आणखी एक नियम चालत आला, तांदूळ, वाटाणे, डाळी पण बंद. आम्ही कोकणातले, तांदूळ कसा सोडणार, आम्ही खातो. पण माझी शेजारीण तांदूळ न खाता आठवडाभर बटाटे खाते! कारण तो नियम झाला तेव्हा युरोपात बटाटा नव्हताच. मका नंतर आला तरी त्याला धान्य समजून बंद केलं. आणि आता क्विनोआ आला तर बऱ्याच रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, सांगितलं की हे त्या यादीत नाही, चालेल. तुमचा साबुदाणा आणि त्यांचा क्विनोआ एकाच दारातून आत आलेत.

आमचे खाण्याचे नियम कोकणात कसे टिकले ते पण सांगते. मासा खायचा तर खवले आणि पर पाहिजेत, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या नाहीत. गोष्ट सांगतात की डेव्हिड रहाबी नावाचा यहुदी आला, हे लोक खरंच आपले का बघायला त्याने बायकांना सगळे मासे मिसळून दिले रांधायला, तर त्यांनी बिनखवल्याचे बाजूला काढले. तेव्हा त्याला ओळख पटली. पोथ्या हातात नव्हत्या, हिब्रू विसरली होती, पण मासळी निवडणं बायकांच्या हातात राहिलं. मटण आणि दूध एकत्र नको, त्यावर कोकणाने उत्तर दिलं नारळाच्या दुधाचं, आमची गोड खिरीसारखी पक्वान्नंसुद्धा त्यात.

सणांची नावं तर ऐका. नव्याचा सण, दार फळणीचा सण (हा योम किप्पूर, कडक उपवास, पाणी पण नाही), आणि तिशा बआवला आम्ही म्हणतो बिरड्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या दुःखाचा उपवास, आणि त्याला जोडलेलं जेवण वालाच्या बिरड्याचं. श्रावणाच्या आसपास येतो तो, तेव्हा कोकणात घरोघरी वाल सोलत बसलेले असायचे, आमच्या आज्या पण त्यांच्यातच. आणि नवस फेडायचा तर मलिदा, पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं, एलियाहू हन्नावी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने. अलिबागजवळ सागाव-खंडाळ्याला त्यांच्या रथाच्या खुणा खडकावर आहेत असं आम्ही मानतो. इथे अश्दोदला पोहे मिळतात, गूळ मिळतो, पण माझ्या आईच्या हाताने कालवलेल्या मलिद्याला जो वास यायचा तो आणता येत नाही.

अळूवडी_ठाणे | बुधवार, संध्याकाळी ६:०२

शनिवारतेलीताई, डोळ्यात पाणी आलं. वाल आमच्या घरी पण श्रावणातच. वाचनखूण साठवली.

ह्यूस्टनचा_राजू | बुधवार, रात्री ११:५०

राजगिऱ्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. तीन वर्षांपूर्वी कामानिमित्त मेक्सिको सिटीला गेलो होतो, रविवारी सोचिमिल्कोला होड्या बघायला गेलो तर बाजारात एक आजी टोपलीत आपली राजगिऱ्याची वडी घेऊन बसलेली. हुबेहूब, फुललेला राजगिरा, वर शेंगदाणे. नाव विचारलं तर "अलेग्रिया", म्हणजे आनंद. एक तुकडा खाल्ला आणि मी एकदम आईच्या डब्यापाशी पोचलो, संकष्टीला ती मोडून द्यायची तो तुकडा.

मग वाचत गेलो. राजगिरा तिकडचाच, आस्तेक लोकांचं मोठं पीक. सणाला ते राजगिऱ्याचं पीठ मधात किंवा पाकात मळून देवांच्या मूर्ती करायचे आणि पूजा झाली की मोडून प्रसाद म्हणून वाटून खायचे. स्पॅनिश पाद्री आले, त्यांना ते आपल्या चर्चमधल्या प्रसादाची विटंबना वाटली, त्यांनी ते मोडून काढलं आणि पीक मागे पडलं. तिकडे जो दाणा देवाचा म्हणून दडपला तो इकडे येऊन देवाच्या दिवशी खायचा झाला, राजगिरा, रामदाणा. मी हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग त्या आजींची पण एकादशीच असणार."

रानभाजी | गुरुवार, सकाळी ८:००

राजू, सुंदर. आणि शनिवारतेलींचा क्विनोआ हा राजगिऱ्याच्याच कुळातला बरं का. दोन्ही गवताच्या कुळातले नाहीत, म्हणून दोन्ही धर्मांतल्या यादीतून सुटले. दाणा म्हणावा तर दाणा आहे, पण धान्य नाही.

वाडीची_माई | गुरुवार, दुपारी २:२०

माझं वय ७४, नातीने फोनवर मराठी टायपिंग लावून दिलंय, चुका पोटात घाला. मी सावंतवाडीजवळची.

तुम्ही सगळे एकादशीचं लिहिताय, मी ऋषिपंचमीचं लिहिते. गणपतीचा दुसरा दिवस. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगराने केलेल्या शेतातलं काहीच नाही. मग भात कसला, तर आपोआप उगवलेला देवभात, तळ्याच्या कडेला यायचा तो, माझी आई तो सूप घेऊन झाडून आणायची, पसाभर मिळायचा. आणि भाजी परसातली. अळू देठासकट, लाल माठ, सुरण, कच्चं केळं, शिराळं, पडवळ, भेंडी, लाल भोपळा, मक्याचं कणीस तुकडे करून, अंबाडीचा पाला आंबटाला, ओल्या मिरच्या, मीठ, वरून ओलं खोबरं. तेल नाही, फोडणी नाही. कुदळीने खणलेल्या मातीत बाईने स्वतःच्या हाताने लावलेलं तेवढं त्या भांड्यात. बेंदराला, पोळ्याला बैलाची पूजा करता, आम्ही त्याला एक दिवस सुट्टी देतो, त्याच्या घामाचं खात नाही.

या पोरांनी आता सांगितलं की मका, लाल भोपळा, मिरची सगळं परदेशातनं आलं. असेल. पण बैल लावला नाही ना त्याला? मग चालतं.

सेलमवासी | गुरुवार, रात्री ९:४०

माई, तुमच्या शेवटच्या ओळीत मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मी विचारत होतो कुठून आलं, आणि नियम ते कधी विचारतच नव्हता. तुमचा नियम विचारतो बैल राबला का. एकादशी विचारते धान्य आहे का. श्राद्ध विचारतं आमच्या माणसांनी हे खाल्लं होतं का.

कांदा कोण खातं आणि कोण नाही हे पंगतीत कळतं हे उन्हाळकांदांनी सांगितलं, आणि त्यावरून कोण कुणाच्या पंक्तीला बसतो याचा प्रश्न झाला हे रानभाजींनी, तेही मी विसरणार नाही, तो प्रश्न ताटाचा नव्हता आणि त्याचा मला त्रास होतो.

उद्या एकादशी. आईने आज विचारलंय की तो अख्खा कंदच आणशील का.

वऱ्हाडी_ठेचा | गुरुवार, रात्री १०:०५

काका आणा, पण नीट सोलून, भरपूर पाण्यात पूर्ण शिजवा आणि ते पाणी टाकून द्या. कच्चा कंद विषारी असतो. आणि सगळ्यांनाच, भगरीचं सुटं पीठ बाजारातून आणू नका, पावसाळ्यात बुरशी धरते आणि दर वर्षी विषबाधा होतात. भगर स्वच्छ निवडून धुऊन घ्या, पीठ लागलं तर घरी दळा.

सेलमवासी | शनिवार, सकाळी ९:१५

ठेचाताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. शेजारच्या बाईंनी सोलायला मदत केली, तमिळमध्ये त्याला मरवळ्ळी किळंगु म्हणतात, त्यांच्याकडे तो असाच उकडून संध्याकाळी खातात, त्यांना उपवासाचं काही माहीत नाही. आईने हळद घालू दिली नाही. मीठ, दाण्याचं कूट, हिरवी मिरची-जिऱ्याची फोडणी तुपात. काल दुपारी विठोबाच्या तसबिरीपुढे वाटीभर ठेवलं, तुळस वाहिली, मग खाल्लं.

दोन घास झाल्यावर म्हणाली, रताळ्यापेक्षा बरं आहे, तुझ्या बाबांना आवडलं असतं. मग जरा थांबून म्हणाली, पण त्यांच्या श्राद्धाला नको करू हं हे.

एक कांडी तिने बाल्कनीतल्या कुंडीत खोचून ठेवलीय. आज द्वादशी, पुरण शिजतंय.